मोरीच्या दगडाचा घसा

मी एक जुना मोरीचा दगड आहे. नाक मुरडू नका, मित्रांनो. मोरी म्हटलं की सगळ्यांना घाण वाटते, आणि पाय धुवायला मात्र सगळे माझ्याच छातीवर येऊन उभे राहतात.

भातकुलीच्या वाटेवरच्या एका खाणीत मी जन्मलो. काळा, घट्ट, ठोकला तर खणखणणारा. मला उंबरठा व्हायचं होतं. पाथरवटाने मधोमध भोक पाडलं, भोकाकडे उतार दिला आणि खुशालरावांच्या घरात मागच्या खोलीच्या कोपऱ्यात मला चुन्यात पक्कं बसवलं. झालं. तेव्हापासून मी तिथेच. हलता येत नाही, वळता येत नाही. समोर एक खिडकी होती, तेवढाच काय तो उजेड.

सुरुवातीला माझे लाड झाले, खोटं कशाला बोलू? खुशालरावांची आई गोदाबाई मला रोज राखेने आणि काथ्याने घासायची. माझ्या घशात बोटं घालून आतली बुळबुळ काढायची. "पाणी कसं सर्रकन जाते, पाहा," असं शेजारणींना सांगायची. मी आतून सुखावायचो.

मग साता समुद्रापलीकडे कुठलीशी लढाई पेटली, विलायतेच्या गिरण्यांना कापूस मिळेना आणि वऱ्हाडातल्या कापसाला सोन्याचा भाव आला. खुशालरावांनी घर कापसाने भरलं. ओसरी गेली, माजघर गेलं. अंगणातल्या गाठींची थप्पी वाढत वाढत खिडकीला टेकली आणि खिडकी बंद झाली. दिवसभर कापूस उपसणारी माणसं माझ्यावरच हातपाय धुवायची. कापसाचे तंतू माझ्या घशात अडकायचे. घासायला आता कुणाला सवड होती?

घरात तेवढी एकच खोली रिकामी होती, म्हणून खुशालरावांची बायको जमुना तिथेच बाळंत झाली. मुलगी झाली, एवढीशी. सुईण रोज येऊन दोघींना तेल लावायची, डाळीच्या पिठाने न्हाऊ घालायची आणि आपल्या वाटेने निघून जायची. ते तेल आणि पीठ माझ्या घशातल्या तंतूंना चिकटलं. त्याचा बोळा झाला आणि सडू लागला. सोयर फिटेपर्यंत बाळंतिणीला किंवा तिच्या मोरीला घरातल्या कुणी हात लावायचा नाही, अशी त्या घरची रीत होती. बाळंतिणीने तर गार पाण्यात बोटही बुडवायचं नाही. मग मला साफ करणार कोण?

त्या बोळ्यात माशा झाल्या. घरातल्या माशांसारख्या नव्हेत. जवसाच्या दाण्याएवढ्या, राखाडी, अंगभर लव असलेल्या. पंख पिंपळपानासारखे. उडायच्या कमी, भिंतीला चिकटून बसायच्या जास्त, आणि चिरडलं तर राखेसारखा डाग पडायचा.

गोदाबाईला वाटलं, या सरकीतल्या माशा आहेत, कापसातून भिंतीवर आल्या. ती उंबरठ्याबाहेरूनच निखाऱ्यांचं घमेलं आत सरकवायची. वर कडुनिंबाचा पाला आणि ओवा. ठिणगी कापसावर जाऊ नये म्हणून दार घट्ट लोटून घ्यायची. धूर जाणार कुठे? खिडकीत कापूस, दाराला कडी. जमुना पोरीला पदराखाली घेऊन भिंतीशी बसायची. पोरीची छाती भात्यासारखी व्हायची, श्वासातून शिट्टी वाजायची. धूर विरला की माझ्या घशातून नव्या माशा वर यायच्या, आणि मग पुन्हा घमेलं यायचं. मित्रांनो, मला तोंड आहे, पण बोलता येत नाही. त्या दिवसांत मला माझीच चीड आली.

जमुनाला भिंतीकडे पाहण्यावाचून दुसरं काम नव्हतं. ती पाहत राहिली. एका सकाळी सुईण गेल्यावर तिने शेकायचं एरंडाचं पान उचललं, एका अंगाला तेल चोपडलं आणि तेलाचं अंग खाली करून माझ्या भोकावर झाकलं. दुपारी गोदाबाईने घमेलं आत सरकवलं, तेव्हा जमुनाने पान उलटं करून दाखवलं.

"काय वं, शेकाचं पान कावून वाया घालवलं?"

"आत्याबाई, पाहा. खालूनच चिकटल्या साऱ्या. माशा कापसातून नाई, मोरीतून येऊन राहिल्या. आता धूर नका देऊ. पोरीले दम लागून राहिला."

गोदाबाई दारातून आत वाकली. तिने कान दिला, तेव्हा तिला ती शिट्टी पहिल्यांदा ऐकू आली. दाराबाहेरून कशी येणार? तिने घमेलं बाहेर ओढलं, पातळ वर खोचलं आणि सोयर न पाहता आत आली. माझ्या घशात मनगटापर्यंत हात घालून तिने तो बोळा उपसला. काथ्याने खरवडलं, राख ओतली, वर कढत पाणी. खूप भाजलं हो! पण मी मोकळा झालो.

मग ती तशीच अंगणात गेली. खिडकीपुढच्या गाठी हलवायला तिने सांगितलं, तर खुशालराव म्हणाले, "आई, भाव चढून राहिला. जरा थांब ना."

"मी आता मोरीत हात घातला, बाळंतिणीले शिवली. याच हातानं तुया गाठी ढकलू काय?"

खुशालराव झटकन उठले. गाठी हलल्या, खिडकी उघडली, वारा आत आला. गोदाबाई पुढेही रोज मला घासायची आणि तेलाचं पान लावून पाहायची. पान कोरं निघालं तोवर पोरीची शिट्टीही थांबली होती. ती आता ठणाणा रडायची.

माझं एवढंच मागणं आहे, मित्रांनो. भिंतीवर तसली लवेची माशी दिसली, तर धूर करण्याआधी मोरीत वाकून पाहा आणि हात घालून घासा. मला सांगता येत नाही. त्या पोरीलाही सांगता येत नव्हतं.