तिसऱ्या डोळ्याचा तास

त्या शनिवारी सकाळी शाळेच्या मैदानावर पाय ठेवायला जागा नव्हती. वरुड-मोर्शीकडून काळ्यापिवळ्या जीपा भरून माणसं आली होती. संत्र्याचा तोडा सुरू असताना लोक बागा सोडून आले होते, यावरून काय ते समजा. मंचावर आमच्या वर्गातला शिवम डोळ्यांवर काळी पट्टी बांधून बसला होता आणि मांडीवरच्या वर्तमानपत्रातली बातमी एकेक शब्द करत वाचत होता. त्याच्यानंतर चौथीतल्या एका मुलीनं पट्टी बांधूनच चेंडूंचे रंग सांगितले. दर वेळी टाळ्या पडत आणि कानाला माईक लावलेले, हा वर्ग चालवणारे धर्मेंद्रजी म्हणत, "ये जादू नहीं है, विज्ञान आहे. मेंदूच्या मधोमध एक खिडकी असते. शाळा ती बंद करते. आम्ही उघडतो. तिसरा डोळा म्हणतात तो हाच."

तिसरी मी होते. प्रतीक्षा, नववी ब.

गर्दीतून एक माणूस उठून मंचाजवळ आला. ते रामराव काका, माझी मैत्रीण दामिनी हिचे वडील. त्यांची फुलशेती आहे. झेंडू आणि शेवंती घेऊन ते वरुडच्या बाजारात जातात. त्यांनी खिशातून घडी केलेला कागद काढून धर्मेंद्रजींच्या हातात दिला.

"हे वाचाले लावा तिले," ते म्हणाले. "हा कागद तिनं कधी पायला नाई."

कागद माझ्या मांडीवर आला. मी तो उचलून वास घेतल्यासारखं केलं, गालावर घासला आणि पुन्हा खाली धरला. मग वाचलं, "दामिनी रामराव. वय चौदा. दोन्ही डोळ्यांना काचबिंदू. थेंब बंद करू नयेत."

रामराव काका मंचासमोर मातीतच बसले आणि रडायला लागले. बायकांनी हात जोडले. 'थेंब बंद करू नयेत' हे मी माझ्या तोंडानं मोठ्यानं वाचलं होतं, पण मैदानावरच्या एकाही माणसानं ते ऐकलं नाही. पोरीला दिसतंय, एवढंच सगळ्यांनी ऐकलं.

आमची शाळा शेंदूरजनाघाटपासून जवळच्या एका गावात आहे. वेळापत्रकात कार्यानुभव, चित्रकला आणि खेळ असे तास असतात. पुष्कळ शाळांत ते गणिताचे सर घेऊन टाकतात. आमच्याकडे शेखर सर होते. ते खेळाचे शिक्षक, पण हे तिन्ही तास त्यांच्याकडेच होते आणि ते एकही तास सोडत नसत. कार्यानुभवात आम्ही शाळेमागे मेथीचे वाफे केले. गावात ज्यांना वाचता येत नाही अशांकडे दोघा-दोघांनी जाऊन त्यांचे कागद वाचून द्यायचे, हेही त्याच तासात. मी आणि दामिनी माणिकबाईंकडे जायचो. मी वाचायची आणि दामिनी त्यांच्याशी गप्पा मारायची. खरं तर माणिकबाईंना कागदापेक्षा गप्पाच हव्या असायच्या.

चित्रकलेत दामिनी वर्गात पहिली. नाक कागदाला टेकवून ती शेवंतीची फुलं काढायची, ताटाएवढी मोठी. खेळाच्या तासाला मात्र ती कडेला बसायची, कारण तिला बाजूचं दिसत नसे. शेखर सरांनी एकदा तिचं मनगट आणि माझं मनगट एकाच रुमालानं बांधलं आणि म्हणाले, आता धावा. पहिल्या दिवशी दोघी तोंडावर पडलो. दिवाळीपर्यंत आम्ही मैदानाच्या सहा फेऱ्या न थांबता मारू लागलो. एकटी असते तर मी दुसऱ्या फेरीत बसले असते.

काचबिंदू म्हणजे काय ते दामिनीला तोंडपाठ होतं. डोळ्यातला दाब वाढतो, आतली नस सुकत जाते. आधी बाजूचं दिसणं जातं, मग मधलं. गेलेलं परत येत नाही. थेंब घातले तर उरलेलं टिकतं. अमरावतीच्या डॉक्टरीणबाईंनी तिला हे समजावलं होतं आणि ती सकाळ-संध्याकाळ मान मागे टाकून स्वतःच थेंब घालायची.

धर्मेंद्रजी जुलैतच आले होते. अंगात ट्रॅकसूट, गळ्यात रुद्राक्ष. मुलांचा सर्वांगीण विकास होणार, असं मुख्याध्यापकांनी प्रार्थनेच्या वेळी जाहीर केलं. आधी शाळा सुटल्यावर त्यांचा वर्ग असायचा. दिवाळीनंतर शेखर सरांना मतदारयादीच्या कामाला लावलं आणि कार्यानुभव, चित्रकला, खेळ हे तिन्ही तास धर्मेंद्रजींना मिळाले. वेळापत्रकावर कागद चिकटवला: अंतर्दृष्टी. मुलं त्याला तिसऱ्या डोळ्याचा तास म्हणायची.

त्या तासाला आम्ही सतरंजीवर ओळीनं बसायचो. बासरी लावलेली असायची. डोळ्यांवर फोमची काळी पट्टी, हातात रंगीत पत्ता. "सूँघो. गालाले लावा. रंगाले इचारा, तू कोण आहेस," असं ते अर्धं हिंदीत, अर्धं आमच्या बोलीत म्हणायचे. पहिले दोन आठवडे मला अंधाराशिवाय काही दिसलं नाही. शेजारची मुलं रंग सांगून राहिली आणि मी मठ्ठ, असं वाटून रडू यायचं. मग एकदा पत्ता नाकाजवळ नेताना नाकाच्या कडेला उजेडाची एक चीर दिसली. नाक वर असतं, गाल खाली असतो, तिथं पट्टी कितीही आवळली तरी फट राहते. डोळे खाली वळवले की त्या फटीतून तळहाताएवढी जागा दिसते. त्या जागेत पत्त्याचा कोपरा हिरवा होता.

मी म्हटलं, "हिरवा."

"खिडकी उघडली," धर्मेंद्रजी म्हणाले आणि सगळ्यांना टाळ्या वाजवायला लावल्या.

मला वाटलं, बाकी सगळ्यांना खरंच दिसतं, लबाडी मी एकटी करतेय. म्हणून मी कोणाला सांगितलं नाही. पुढे बसस्टँडवरच्या फलकावर माझा फोटो लागला. माझे बाबा फलकाखाली उभे राहिले, त्यांनी स्वतःचा फोटो काढून घेतला आणि सगळ्या नातेवाइकांना पाठवला. आता तर सांगणं शक्यच नव्हतं.

दामिनीला मात्र काही दिसेना. तिच्या डोळ्यांचा घेर आधीच आक्रसलेला. त्या बारीक फटीतून तिला काय दिसणार? त्या हॉलमध्ये खरं बोलणारी ती एकटीच होती. "मले काईच दिसत नाई," असं ती रोज सांगायची आणि धर्मेंद्रजी मान हलवायचे. त्या शनिवारी मी कागद वाचल्यावर त्यांनी रामराव काकांना बाजूला घेतलं आणि सांगितलं की औषधामुळे बाहेरचा डोळा जागा राहतो, म्हणून आतला झोपून राहतो. थेंब बंद करा, तीन महिन्यांत खिडकी उघडेल, मग चष्मा नको की ऑपरेशन नको.

काकांनी थेंब बंद केले. जयवंता काकू, म्हणजे दामिनीची आई, काही दिवस चोरून घालत होत्या. बाटली संपली आणि नवी आणायला अमरावतीला जायचं तर काकांना विचारावं लागणार होतं. तिथं ते थांबलं.

हे मला दामिनीनंच सांगितलं, डिसेंबरात. कपाळ दुखतं, दिव्याभोवती रंगीत गोल दिसतात, असंही म्हणाली. मी ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा पट्टी बांधून बसले आणि निळा, पिवळा, लाल असं सांगत राहिले. माझ्या हातून झालेलं सगळ्यात वाईट काम ते. याला मी दुसरं नाव देत नाही.

जानेवारीत शेखर सर परत आले. तास गेलेच होते, म्हणून त्यांनी शाळेआधी धावण्याचा सराव सुरू केला. रुमाल बांधून आम्ही निघालो आणि दामिनी समोरच्या पाण्याच्या ड्रमवर सरळ जाऊन आदळली. मी ओढेपर्यंत उशीर झाला होता. सरांनी तिचा उजवा डोळा हातानं झाकला, समोर बोटं धरली आणि किती ते विचारलं. दामिनीनं सरांच्या आवाजाकडे मान वळवली. मग म्हणाली, "सर, तुमी बोटं दाखवून राहिले का?"

त्याच दिवशी शाळा सुटल्यावर सर मला घेऊन तिच्या घरी गेले. काका अंगणात फुलं निवडत होते. सरांनी हात जोडून सांगितलं, उद्याच्या उद्या अमरावतीला न्या, गाडी मी करतो. काकांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"सर, तुमी शिकलेले. मी काय बोलू," ते म्हणाले. "पण या पोरीनं माह्या डोळ्यासमोर कागद वाचला. ते खोटं होतं काय?"

त्यांनी माझ्याकडे बोट केलं होतं. मी खाली बघितलं.

परत येताना नाल्यावरच्या रपट्यावर, म्हणजे ठेंगण्या पुलावर, सर थांबले आणि हळूच विचारलं, "प्रतीक्षा, तुला दिसतं का?"

"नाकाच्या बाजूनं दिसते, सर."

ते रागावले असते तर बरं झालं असतं. ते कठड्यावर बसले आणि फट नेमकी कुठं राहते ते मला बोटानं दाखवायला लावलं.

दुसऱ्या दिवशी पालकांसमोर प्रयोग होता. सर घरून डब्यात कणीक भिजवून घेऊन आले आणि सगळ्यांसमोर धर्मेंद्रजींना म्हणाले, मुलांना मेंदूनं दिसतं ना, मग पट्टीखाली नाकाच्या दोन्ही बाजूंना ही कणीक लावू द्या. नाहीतर पुस्तक मांडीवर ठेवण्याऐवजी डोक्यामागे धरा. मेंदूला काय, पुढचं मागचं सारखंच.

धर्मेंद्रजी हसले. "शंकेच्या लहरी आल्या की खिडकी बंद होते. बच्चे नाजूक असतात."

"मग मी मैदानाबाहेर जातो," सर म्हणाले. "कणीक पालकांनीच लावावी." आणि ते खरंच फाटकाबाहेर जाऊन उभे राहिले.

कोणी उठेना. शेवटी रामराव काका उठले. त्यांनी माझ्या नाकाशेजारी कणीक दाबली, वर पट्टी बांधली. बोटांना झेंडूचा वास होता. मग तोच दवाखान्याचा कागद त्यांनी माझ्या हातात दिला.

"वाच माय," ते म्हणाले.

काळोख होता. त्यावरचं मला पाठ होतं, तरी मी कागद हुंगला नाही, गालाला लावला नाही. म्हटलं, "काका, मले दिसत नाई. कधीच दिसत नव्हतं. मी फटीतून पाहत होती."

मग पट्टी काढली आणि सगळं सांगितलं. पत्ता नाकाजवळ का न्यायचा, वास घेण्याचं नाटक कशासाठी, मान का वर करायची. चौथीतल्या मुलीला आणि शिवमला कणीक लावली. दोघांनाही चेंडूचा रंग सांगता आला नाही. शिवम रडवेला होऊन म्हणाला, "मले वाटे, मीच एकटा लबाडी करून राहिलो." मागे बसलेल्या मुलांनी एकमेकांकडे बघितलं. सगळ्यांना तसंच वाटत होतं. धर्मेंद्रजींचा धंदा त्या पट्टीवर नव्हता, आमच्या या वाटण्यावर होता.

गोष्टीत यानंतर लोक भोंदूला पळवून लावतात. आमच्याकडे तसं काही झालं नाही. पालक थोडा वेळ कुजबुजले आणि आपापली मुलं घेऊन निघून गेले. आपलं पोर खोटं बोलत होतं हे कोणालाच मोठ्यानं म्हणायचं नव्हतं. बाबा घरी आल्यावर मला म्हणाले की हे घरात सांगितलं असतं तर चाललं असतं, चारचौघांत तोंड काळं करायची काय गरज होती. शेखर सरांकडे शाळेची बदनामी केल्याबद्दल लेखी खुलासा मागितला आणि जूनमध्ये त्यांना संस्थेच्या दुसऱ्या शाळेत पाठवलं. धर्मेंद्रजी एका महिन्यात मोर्शीच्या रस्त्यावरच्या फलकावर दिसले. त्यावर माझा फोटो नव्हता. शिवमचा होता.

दामिनीला सोमवारी अमरावतीला नेलं. मीही गेले होते. डॉक्टरीणबाईंनी दोन्ही डोळे तपासले आणि थेंब कधीपासून बंद आहेत ते विचारलं. उत्तर ऐकून त्यांनी पेन खाली ठेवलं. डावा डोळा गेला होता. उजव्यात मधोमध थोडं दिसणं उरलं होतं, नळीतून बघितल्यासारखं, आणि ते किती दिवस टिकेल हे त्या सांगू शकत नव्हत्या. ऑपरेशन झालं. पण गेलेलं परत येत नाही, हे दामिनीला आधीपासून पाठ होतं. ती आता शाळेत येत नाही. चित्रं काढत नाही. मी गेले की बोलते, चांगलं बोलते, पण तिनं मला अजून एकदाही विचारलेलं नाही की डिसेंबरात तू गप्प का बसलीस. तिनं विचारावं असं मला फार वाटतं.

रामराव काका उन्हाळ्यात एकदा बाजारात भेटले. मी मान खाली घालून म्हटलं, "काका, माझं चुकलं." त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला.

"तुह्यं काई चुकलं नाई. तुले त्या दिवशी खरंच दिसलं असन," ते म्हणाले. "मंग त्या कणकेनं खिडकी बंद झाली."

मी पुन्हा सगळं समजावायला तोंड उघडलं आणि त्यांचा चेहरा बघून मिटलं. ते खोटं होतं असं मानलं, तर पोरीचे डोळे त्यांनी स्वतः घालवले असं मानावं लागेल. त्यापेक्षा तिसरा डोळा मानणं सोपं आहे.

वर्षाअखेरीला आम्हाला सेवा, कला आणि क्रीडा यांतला एक अनुभव लिहून द्यावा लागतो. मी हाच लिहिला. मुख्याध्यापकांनी तो परत केला आणि वृक्षारोपणावर लिहायला सांगितलं. म्हणून तो इथं लिहिते आहे.

तुमच्या गावातही असा तास सुरू झाला असेल किंवा होईल. मुलाला पट्टी बांधली की नाकाशेजारी कणीक लावून बघा, पुस्तक डोक्यामागे धरून बघा. डॉक्टरनं दिलेलं औषध कोणाच्याही सांगण्यावरून बंद करू नका. त्याच डॉक्टरला जाऊन विचारा. आणि पोर आपणहून खरं सांगेल या भरवशावर राहू नका. मी सांगितलं नव्हतं. तुम्ही समोर बसून टाळ्या वाजवत असता, आणि टाळ्या चालू असेपर्यंत कुठलंच पोर बोलत नाही.