मधल्या भिंतीचा सांधा

सन १९८६, एप्रिल महिन्याची एकवीस तारीख, सोमवार. उस्मानाबाद जिल्ह्यातील परंडा तालुक्यात, सोनारीच्या अलीकडे दोन कोसांवर असलेल्या खडकजवळे या गावी, सकाळी नवाच्या सुमारास कोंडिबा गवंड्याने सोसायटीच्या रित्या हौदात उतरून मधल्या भिंतीच्या बुडाशी एक सळई घातली. सळई वीतभर आत गेली आणि पलीकडच्या भागात निघाली. तिचे टोक तिकडच्या फरशीवर खणखणले, तेव्हा काठावर उभे असलेले चेअरमन धोंडप्पा मोठ्याने हसले.

"निघाली की आरपार! तुझ्याच हातचं काम न्हवं रं, कोंडिबा?"

कोंडिबाने सळई ओढून घेतली आणि गरज नसताना धोतराच्या सोग्याने पुसली.

हौद तीन वर्षांपूर्वी बांधलेला. कागदोपत्री तो एकच हौद होता. एक भाग धुताना दुसरा चालू राहावा, एवढ्याच कारणासाठी नकाशात मधली भिंत दाखवलेली होती. गावाने मात्र त्या भिंतीचा अर्थ पहिल्याच दिवशी आपल्या सोयीने लावला. उत्तरेचा मोठा भाग गावाचा झाला, दक्षिणेचा लहान भाग बौद्धवस्तीचा. टँकरची पहिली खेप गावाच्या बाजूला रिती होई. दुसरी वस्तीची, आणि ती चार दिवसांतून एकदा आली तर आली. असे असूनही गेला महिनाभर वस्तीच्या भागात रोज सकाळी घोट्याइतके पाणी साठलेले असे. ते कुठून येते, हे वस्तीतल्या एकाही माणसाने, तिथेच राहणाऱ्या कोंडिबानेही, कुणाला विचारले नव्हते. आदल्या दिवशी धोंडप्पांनी विचारले, आणि शोधलेही.

"बुजव," ते आता म्हणाले. "आजच्या आज. सांजच्याला टँकर हाय."

"का म्हणून?"

"का म्हणून म्हंजी? गळतंय."

"गळून कुठं जातंय, चेअरमन? हौदातलं पानी हौदातच ऱ्हातंय. नकाशा काढा. एक हौद लिवलाय का दोन?"

"मला नकाशा शिकवू नगंस."

"ही भिंत हौद धुवायसाठी बांधली. मानसं निवडायसाठी न्हाय."

काठावरची चारदोन माणसे पुढे वाकून ऐकू लागली. धोंडप्पांनी छत्री एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

"जीभ लई चालाय लागली. हात चालीव."

"सिमिट आत जात न्हाय. तळ भरला त्या दिशी पानी संपलं व्हतं. भिंत आठ दिसांनी भरली. सांधा धरला न्हाय, फट वाकडीतिकडी झाली. बुजवायची तर भिंत पाडून नव्यानं भरावी लागंल. पाडा."

त्याने सांगितले ते शब्दशः खरे होते, आणि खरे असल्यामुळेच त्याला ते सांगताना बरे वाटले. चाळीस वर्षे थापी धरलेल्या माणसाचे हे म्हणणे खोडून काढील असा दुसरा कुणी त्या गावात नव्हता.

तेवढ्यात मल्लिनाथ हौदाच्या पायऱ्या उतरून आला. हा धोंडप्पांचा पुतण्या. मस्कतला चार वर्षे इमारतींच्या कामावर राहून तो शिमग्याला परतला होता. जाण्यापूर्वी दोन हंगाम त्याने कोंडिबाच्याच हाताखाली घमेली वाहिली होती. त्याच्या हातात पत्र्याचा एक उभट डबा होता, तोंडाला नळी लावलेला, अंगावर परकी अक्षरे असलेला.

"उस्ताद, ह्यो फोम. तिकडं चौकटींच्या फटी, पायपाची भोकं, समदं ह्येनंच बुजवत्यात. नळीतनं आत सोडला की फुगतोय, आन फुगून घट्ट व्हतोय. कसलीबी वाकडी फट असू दे."

"हवा अडत आसंल त्येनं. पानी अडतंय?"

"नुसत्यानं न्हाय. वरनं गिलावा पायजे." मल्लिनाथने डबा खाली ठेवला. "तुमी केला तर अडंल."

"म्या करनार न्हाय."

कोंडिबा पायऱ्या चढून वर आला आणि वस्तीच्या बाजूच्या काठावर पाठ फिरवून बसला.

"नगं करू," धोंडप्पा म्हणाले. "पोरगं करतंय. तुझं उसवलेलं कुणी तरी शिवायचंच हाय."

कोंडिबाची कानशिले तापली. तो उठून जाऊ शकला असता, परंतु उठला नाही. खाली मल्लिनाथने डबा हलवून उलटा धरला आणि नळी दाबली. उतू जाणाऱ्या दुधासारखा पिवळसर फेस फटीतून बाहेर लोंबला, घटकाभर तसाच लटकला, आणि धुळीच्या थरासकट सुटून फरशीवर पडला. गोदामाचा राखणदार शिवलिंग ओरडला,

"आरं, गवंड्याची फट औषधाचंबी ऐकंना की!"

सगळे हसले. कोंडिबा वळला. त्याला शिवलिंग दिसला नाही, धोंडप्पाही दिसले नाहीत. दिसला तो मल्लिनाथचा चुकीचा धरलेला हात.

"आरं, धूळ कुनी काढायची? तुझ्या चुलत्यानं?"

"घासतो, उस्ताद."

"हातानं न्हाय, गाढवा! तारेचा बुरूस घे. वरच्या अंगानं बी. दोन हंगाम काय माती खाल्लीस माझ्याजवळ?"

मल्लिनाथ घासू लागला. तो घासत होता त्या रीतीने संध्याकाळपर्यंत धूळ निघाली नसती. कोंडिबा दोन पायऱ्या उतरला, मग आणखी दोन. मग त्याने ब्रश हिसकावून घेतला.

"आता वलं कर. कोरड्या काँक्रिटाला काय धरतंय?"

"डब्यावर बी थेंबाचं चित्र हाय, उस्ताद."

गावाची बाजू सकाळीच उपसून कोरडी केलेली होती. वस्तीच्या भागात मात्र एका कोपऱ्यात ओंजळ बुडेल एवढे डबके उरले होते. कोंडिबाने तिकडे जाऊन तांब्या भरला आणि फटीवर सपकारा मारला. पुन्हा भरला, पुन्हा मारला. तिसऱ्या वेळी तांब्या फरशीला खरडला.

फट अर्धीच भरायची, उरलेली फेस आपण होऊन भरतो, असे मल्लिनाथने सांगितले. कोंडिबाने त्यावरही वाद घातला, आणि नंतर तसेच केले. आधी एका बाजूने, मग दुसऱ्या. फेस बोटांना चिकटला तो निघेना. तेव्हा त्याने मल्लिनाथला शिव्या घातल्या, मस्कतला घातल्या, डबा बनवणाऱ्याला घातल्या. धोंडप्पा केव्हाच बोलायचे थांबले होते. गोदामाच्या सावलीत, छत्री मिटून ते शांत बसले होते.

फेस वाळल्यावर कोंडिबाने करवतीच्या पात्याने तो कापला, आणि कापला तोही भिंतीच्या बरोबरीने नव्हे, तर बोटभर आत, गिलाव्याला धर मिळावा म्हणून. कडा छिन्नीने टोचल्या. आधी सिमेंटची पातळ खीर फिरवली, मग गिलाव्याचे दोन हात दिले आणि थापीने घोटून काढले. दिवस कलला तेव्हा तो धोंडप्पांसमोर उभा राहिला.

"टँकर आज सोडू नगा. वला गिलावा धुऊन जाईल. उद्या सांजच्याला सोडा."

"बरं," धोंडप्पा तत्काळ म्हणाले. "तू म्हनशील तसं."

दिवेलागणीला सरुबाईने नवऱ्यापुढे भाकरी ठेवली. कोंडिबा अजून धुमसत होता. मल्लिनाथला ब्रश धरता येत नाही, परदेशात जाऊन पोरे होते तेवढेही विसरून येतात, शिवलिंगाची जीभ एकदा हासडली पाहिजे, हे सर्व त्याने तिला सांगितले.

"फट बुजवली का?" तिने विचारले.

"माझ्या डोळ्यादेखत घान काम करीत व्हतं ते पोरगं!"

"म्या काय इचारलं?"

कोंडिबाने भाकरीचा तुकडा मोडला, तो कालवणात बुडवला, आणि हातात तसाच धरून ठेवला.

बुधवारी दिवस उगवताना वस्तीतल्या बाया हौदावर जमल्या. गावाच्या बाजूला आदल्या सांजेची खेप रिती झालेली होती आणि पाणी छातीइतके चढले होते. कोंडिबा वस्तीच्या भागात उतरला. कोपऱ्यातले डबके आटले होते. तो भिंतीशी उकिडवा बसला आणि गिलाव्यावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत तळवा फिरवत गेला. मग त्याने नखाने खरडून पाहिले. फरशीला गाल टेकवून ओलाव्याची एखादी रेघ तरी दिसते का, हे पाहिले. त्याचा अंगठा घोटलेल्या कडेवरून एकदा फिरला; नकळत, आणखी एकदा.

"झिरपतंय का कुठं?" सरुबाईने वरून विचारले.

सरुबाई हंडा वर ठेवून खाली आली आणि त्याच्या शेजारी उभी राहून तिने भिंतीला हात लावला. पलीकडच्या पाण्याने काँक्रीट गार पडले होते. काठावरच्या बाया वाट पाहत होत्या. तिने हात बराच वेळ तसाच ठेवला, मग तो उलटसुलट करून पाहिला. कोरडा होता.

"काम पक्कं झालंय," ती म्हणाली.