विल्माची लाल रेघ

मी हट्टी आहे हे सगळा गाव सांगेल. पण माझ्या हट्टापायी एका म्हाताऱ्याच्या घरातलं काय गेलं, ते फक्त दोघांना माहीत आहे. आता तुम्हाला सांगतो.

टोलेडोच्या बाहेर माझं गॅरेज आहे. साठ-सत्तर सालातल्या दांडग्या इंजिनांच्या गाड्या मी पुन्हा नव्या करून देतो. नव्या म्हणजे कारखान्यातून निघाल्या तशा, एक बोल्ट इकडचा तिकडे नाही. त्या काळची पोरं पहिल्या पगारात गाडी घ्यायची आणि दुसऱ्या पगारात तिला दुकानातलं काहीबाही डकवायची. वेगळी चाकं, वेगळा गियरचा दांडा, स्टिअरिंगच्या दांड्यावर पट्टीने आवळलेला मीटर. असलं काही दिसलं की माझं डोकं सटकायचं. उपटायचं आणि भंगारात, दुसरी बातच नाही.

नोव्हेंबरात डेनिस टॅकेट आली. शाळेत माझ्या पुढच्या बाकावर बसायची. तिचे वडील ऑर्विल, वय एक्याऐंशी, खुबा मोडून इस्पितळात पडले होते आणि त्यांची एकोणसत्तरची प्लिमथ वीस वर्षं कोठारात ताडपत्रीखाली पडली होती.

"लाइल, ते घरी यायच्या आत गाडी चालती कर. त्यांना कळू द्यायचं नाही."

"कशी करू?"

"होती तशी."

आता होती तशी म्हणजे कशी, हे विचारायला काय जीभ झडली होती माझी? पण नाही! मला सगळं कळतं ना! चाकं काढली, दांडा काढला, मीटर उपटला. इंजिन मिनिटाला किती फेरे मारतं ते दाखवणारा तो काळा डबा. काचेवर लाल काहीतरी फासलेलं होतं. कुठल्या तरी कार्ट्याचा उद्योग असेल, म्हटलं, आणि फेकला पिंपात.

फेब्रुवारीत डेनिसचा फोन आला.

"अरे, माझ्या तोंडात तीळ भिजत नाही. सांगून टाकलं बाबांना. ढसाढसा रडले रे! एकच विचारलं, आईची रेघ शाबूत आहे ना?"

"कसली रेघ?"

"मीटरवरची, लाल. लग्नानंतर बाबा रोज शर्यती लावायचे. एक दिवस आईने आपली नखांची लाली घेतली आणि काचेवर रेघ मारली. काटा याच्यापुढे गेला तर मी माहेरी जाईन, म्हणाली. आईला जाऊन अकरा वर्षं झाली, लाइल. तिच्या हातचं तेवढंच उरलंय बघ."

"आहे ना," मी म्हणालो. "जपून ठेवलाय मीटर."

का बोललो तसं? अजून कळत नाही. फोन ठेवला आणि धावत पिंपाकडे गेलो. पिंप रिकामं होतं. भंगाराचा ट्रक मंगळवारीच येऊन गेला होता. चाकं आणि दांडा तेवढे शेडमागे गवतात सापडले. पिंपात मावले नाहीत म्हणून वाचले. ते पुन्हा गाडीला बसवले.

मग मी जत्रेच्या मैदानावरच्या जुन्या पार्टांच्या बाजारात खेटे घालायला लागलो. तिथला गस, चाळीस वर्षं टेबल मांडून बसलेला, मला बघून खदाखदा हसला.

"लाइल नोवाक आणि कारखान्याबाहेरचा पार्ट! ताप-बीप आहे का रे अंगात?"

"गप बस आणि मीटर शोध."

चौथ्या शनिवारी सापडला. तोच मेक, तेच साल, पट्टीसुद्धा तीच. कोणाला फरक कळला नसता. राहिली रेघ. मी गाडी सुटी करण्याआधी तिचे फोटो काढतो, पण त्या फोटोत काचेवर नेमका फ्लॅश चमकला होता. रेघ कितीवर होती, देव जाणे. मग मी माझी अक्कल चालवली. हे इंजिन मिनिटाला साडेपाच हजार फेऱ्यांपर्यंत ताणावं, त्यापुढे नाही. बायकोची लाली मागून घेतली. "आता नटायचं पण आहे का?" ती म्हणाली. मला हसू आलं नाही. साडेपाच हजारावर झकास सरळ रेघ ओढली आणि वर बोट घासून जरा जुनी केली. त्या घासण्याची मला आजही लाज वाटते.

एप्रिलात ऑर्विल काठी टेकत आले. गाडीला एक फेरी मारली, चाकांवर हात फिरवला आणि हळूहळू आत बसले. डेनिस बाहेर फोनवर बोलत होती. त्यांनी वाकून मीटरकडे पाहिलं.

"साडेपाच हजार," म्हणाले.

"हो, या इंजिनाला तेच बरोबर आहे."

"बरोबर आहे रे पोरा. मीही तिला तेच सांगायचो, चाळीस वर्षं. पण विल्माची रेघ साडेचार हजारावर होती. भित्री होती ती."

तिथेच गाडीच्या दाराशी उकिडवा बसलो आणि सगळं ओकलो. पिंप, मंगळवार, फोनवरची थाप, लाली, सगळं. "मला माफ करू नका," म्हटलं.

ते खिडकीतून डेनिसकडे बघत होते. "हिला सांगू नकोस," म्हणाले. "गाडी तिने दिली ना तुझ्याकडे. जन्मभर स्वतःला खात बसेल. लालीची बाटली आहे?"

खिशातच होती. थिनरच्या फडक्याने मी माझी रेघ पुसली. त्यांनी ब्रश घेतला. हात थरथरत होता, म्हणून मनगट मी धरलं. साडेचार हजारावर रेघ आली, वाकडी आणि एका टोकाला जाड.

"तिची सरळ होती," ते म्हणाले आणि नाक पुसलं.

डेनिस आत आली, शेजारी बसली आणि काचेजवळ वाकली. "बाबा! आईची रेघ! थँक्यू लाइल, केवढं जपलंस रे तू!" तिने माझा हात घट्ट धरला. मला तो सोडवूनही घेता येईना.

"हो," ऑर्विल माझ्याकडे न बघता म्हणाले. "आहे तिथेच आहे."

डॉक्टरने चालवायची परवानगी दिली होती. गाडी बाहेर पडली, हमरस्त्याला लागली आणि म्हाताऱ्याने पाय दाबला. माझे कान इंजिनं ऐकूनच तयार झालेत. आवाज चढत गेला आणि बरोबर साडेचार हजारावर गियर बदलला. दुसरा बदलला, तोही साडेचारवरच. तिसराही. आवाज दूर विरेपर्यंत मी दारात उभा होतो.

एक शिवी तरी घालायला हवी होती त्यांनी मला.