पाय न टेकता

एका कडेनं रबर झिजलेलं ते लोखंडी फूटरेस्ट वर्तमानपत्रावर पडलं होतं, शेजारी दोन वायसर आणि एक वाकडी पिन, आणि पायरीवर बसलेल्या परीक्षकांना पहिल्यांदा वाटलं ते हेच, की हे आज उरणार. काहीतरी उरतंच. जावयानं आजवर या घरात जे जे उघडलं ते ते मिटताना एक तरी भाग बाहेर राहिला – भिंतीवरचं घड्याळ उघडलं तेव्हा पितळेची चाकी, मिक्सर उघडला तेव्हा रबराची कडी, कपाटाचं कुलूप उघडलं तेव्हा तर खुद्द किल्लीच… आणि चीड येण्यासारखी गोष्ट ही की नंतर सगळं चालायचं. घड्याळ वेळ दाखवायचं, मिक्सर फिरायचा. म्हणजे याला लाज वाटायची वेळ काही यायची नाही. उरलेला भाग हा खिशात टाकायचा आणि हसायचा.

परीक्षक म्हणजे मोटारसायकलच्या लायसन्सची परीक्षा घेणारे. नोकरी संपून बरीच वर्षं झाली, पण गल्लीत अजून त्यांना परीक्षकच म्हणत, आणि खरं सांगायचं तर त्यांनीही परीक्षा घ्यायचं कधी थांबवलं नव्हतं. दूधवाला वळण घेताना हात दाखवत नाही – नापास. समोरचा डॉक्टर गाडी उभी करून हॅंडल लॉक करत नाही – नापास. आणि हा, मागच्या अंगणात सिमेंटवर मांडी घालून बसलेला, कोपरापर्यंत ग्रीस लागलेला, त्यांच्या एकुलत्या एका मुलीचा नवरा… याच्याविषयी तर आता मनातल्या मनात तो शब्द उच्चारायचाही कंटाळा येत होता.

काय चाललं होतं याचं, तर मोटारसायकल सुधारणं. चांगल्या चालत्या मोटारसायकलचे मागचे दोन्ही शॉकअप काढून नवे, उंच, पिवळ्या स्प्रिंगांचे घालायचे; गुळगुळीत टायर काढून शेतातल्या ट्रॅक्टरला शोभतील असे खाचाखाचांचे चढवायचे; आणि रिमा, ज्या चांगल्या लखलखत होत्या, त्या घासून घासून त्यांची चमक घालवायची आणि वर तव्यासारखा काळा रंग मारायचा. काल दिवसभर त्या रिमा कपडे वाळत घालायच्या दोरीच्या खांबाला टांगलेल्या होत्या आणि मुलीनं आपले धुतलेले कपडे मुकाट्यानं आत, खुर्च्यांच्या पाठींवर वाळत घातले होते.

“चमक कशाला घालवलीत?” त्यांनी काल विचारलं होतं. जावयाला ते ‘तुम्ही’ म्हणत. मान म्हणून नव्हे. ‘तू’ म्हणायला माणूस जवळचा लागतो.

“लांबच्या रस्त्यावर धूळ बसली तरी दिसत नाही, बाबा.”

“कुठल्या लांबच्या रस्त्यावर?”

“असंच म्हणतोय.”

असंच. याचं सगळं असंचच. दुकान दोन वळणांवर. तिथं हा गाद्या विकतो, म्हणजे लोक येऊन आडवे होतात, डोळे मिटतात, आणि हा उशाशी उभा राहून त्यांना विचारतो, कसं वाटतंय? पुरुषाच्या जातीनं करायचं काम आहे का हे? आणि त्या दोन वळणांसाठी डोंगर चढायची स्प्रिंग!

पहिल्यांदा हा दिसला तो परीक्षेच्या मैदानावर. चुन्यानं आखलेला इंग्रजी आठाचा आकडा, त्यावरून गाडी सावकाश न्यायची, पाय जमिनीला टेकवायचा नाही, बस्स, एवढीच काय ती परीक्षा. जन्मभर परीक्षकांनी माणसांचे चेहरे पाहिलेच नाहीत, पायच पाहिले. चेहरा फसवतो. घाबरलेला माणूस चेहऱ्यानं हसतो, पण त्याचा पाय आधी चुळबुळतो, मग अंगठा खाली होतो, मग टाच… आणि तो टेकायच्या आधीच त्यांची पेन्सिल कागदावर टेकलेली असायची. याचा पाय दुसऱ्याच वळणाला टेकला. आणि नापास ऐकून हा हसला! नापास झाल्यावर जो हसतो त्याच्यात पाणी नसतं, हे त्यांचं तेव्हाचं मत, आणि ते बदलावं असं पुढं काही घडलं नाही. वर्षभरानं मुलगी त्याला घरी घेऊन आली. म्हणाली, “बाबा, हा.”

“मी ओळखतो,” ते म्हणाले होते. “पाय टेकतो.”

ती त्यावर किती हसली होती. तोही हसला होता. त्या दोघांना वाटलं, बाबांनी विनोद केला.

मग लग्न, मग भाड्याची खोली, मग खोलीच्या मालकाला खोली हवी म्हणून ‘थोडे दिवस’ इकडे… भटाला दिली ओसरी आणि भट हातपाय पसरी. थोडे दिवस पसरत पसरत न्हाणीघरातल्या फळीपर्यंत आले, तिथं याचा दाढीचा ब्रश उभा राहिला, ओला, कायमचा. रोज संध्याकाळी गल्लीच्या तोंडाशी ती मोटारसायकल खोकली की परीक्षकांच्या पोटात आधी चीड यायची आणि मग भूक लागायची, इतकी सवय. देवाकडे ते फारसं काही मागत नसत. पण त्या आवाजासरशी मनात यायचं – एक दिवस हा आवाज येऊ नये. माझी मुलगी, मी, आणि शांतता. हा जावा. कसा, कुठं, ते त्याचं त्यानं बघावं.

मुलगी चहा घेऊन आली. एक कप वडिलांच्या हातात दिला. दुसरा जावयाच्या हातात न देता सिमेंटवर, पान्यांच्या शेजारी ठेवला आणि गाडीकडे बघत क्षणभर उभी राहिली. परत वळताना खाली वाकून वडिलांच्या कानाशी म्हणाली, “बाबा, आज तरी त्याला काही बोलू नका.”

“मी कुठं काय बोलतोय?”

“तेच. नका बोलू.”

आणि आत गेली. थोड्या वेळानं इस्त्री आपटल्याचा आवाज येऊ लागला. परीक्षकांच्या नजरेतून तो खाली ठेवलेला कप सुटला नव्हता. बरं वाटलं त्यांना. मुलगी शहाणी होतेय, उशिरा का होईना. नवऱ्याला कळायला लागलं की बायको आता कप हातात देत नाही, की मग… काय मग? ते त्यांनी पुढं नेलं नाही. चहा छान झाला होता.

जावई शॉकअपच्या बोल्टाशी झटत पाठमोरा झाला होता. परीक्षकांनी हात लांबवून ते फूटरेस्ट उचललं आणि सदऱ्याच्या खिशात टाकलं. जड होतं, खिसा लोंबला. मी चोरी करतोय? छे. पुरावा गोळा करतोय. संध्याकाळी हा हात पुसत उठेल, मुलीला बाहेर बोलावेल, कशी झाली म्हणून विचारेल, आणि तेव्हा मी खिशातून हे काढून तिच्या डोळ्यांसमोर धरीन आणि म्हणेन… काही म्हणायचंच नाही. नुसतं धरायचं.

दुपार या एका खिशाच्या जोरावर सुखात गेली. फक्त एक गोष्ट खुपत राहिली, की याचं कुठं चुकेना. टायर चढवताना लोखंडी पट्टीखाली त्यानं गादीच्या कापडाचे तुकडे घातले, नव्या रंगावर एक ओरखडा आला नाही. शॉकअप एकदाच लावले आणि बसले. शीळ नाही, गाणं नाही, “बाबा, जरा हे धरता का” नाही. एरवी हा काम करताना आकाशवाणीसारखा बोलत राहतो, गिऱ्हाइकांच्या नकला करतो, कोण गादीवर घोरायलाच लागलं ते सांगतो, आणि आतून मुलगी हसते… आज आतून फक्त इस्त्री. इतके कपडे कुणाचे आहेत?

ऊन भिंतीवर चढलं तेव्हा जावई उठला. वर्तमानपत्र चारी कोपऱ्यांनी गोळा केलं, उरलेले वायसर, वाकडी पिन, सगळं त्यात गुंडाळलं आणि कचऱ्याच्या डब्यात टाकलं. मोजून बघितलंही नाही.

“झालं?” परीक्षकांनी विचारलं. खिशावर हात होता.

“झालं.”

“काही राहिलं नाही ना? नीट बघा.”

त्यानं खरंच पाहिलं. वाकून, पुढून मागून, सावकाश. “नाही, बाबा. सगळं जागच्या जागी.”

परीक्षकांना हसू दाबावं लागलं. तेवढ्यात तो म्हणाला, “तुम्ही जरा मदत कराल? बसल्यावर गाडी किती दबते ते मोजायचंय. त्यावरून स्प्रिंग आवळायची. गादीचं असतं तसंच, माणसाच्या वजनावर.”

पुढचं चाक भिंतीला टेकवून तो गाडीवर चढला. परीक्षकांनी एका हातानं मागचं नवं कॅरिअर धरून गाडी सरळ ठेवायची आणि दुसऱ्या हातातल्या टेपनं चाकाच्या आसापासून सीटखालच्या बोल्टापर्यंत मोजायचं. त्यासाठी गुडघे टेकावे लागले. सासऱ्यानं जावयापुढं गुडघे टेकायचे! असू दे. थोडाच वेळ. त्यांनी टेप लावली, आणि टेप लावताना त्यांचं लक्ष प्रथमच त्या जागी गेलं जिथं मागचं फूटरेस्ट असायचं. तिथं भोक उघडं नव्हतं. तिथं कॅरिअरचा नवा बोल्ट होता, पक्का आवळलेला, डोक्यावर तोच काळा रंग. त्यांनी मान वाकडी करून पलीकडं पाहिलं. पलीकडंही तसाच. आणि कॅरिअर… ते कॅरिअर मागच्या माणसाच्या सीटवरच आडवं पसरलेलं होतं, सामान बांधायला चार कड्या असलेलं.

“आता मागं बसणाऱ्याचं घ्यायचं ना?” त्यांनी विचारलं. स्वतःचा आवाज त्यांना बारीक वाटला. “तिला हाक मारतो.”

“नको.”

“अहो, पण दोघांचं वजन…”

“नको, बाबा. एकट्याचंच धरायचंय.”

आत इस्त्री थांबली होती. कधी थांबली? ती दाराशी उभी आहे का? मागं वळून बघावंसं त्यांना वाटेना. आज तरी त्याला काही बोलू नका… आज तरी. म्हणजे हिला ठाऊक आहे. कपडे तिचे नव्हेतच. याचे शर्ट. इस्त्री करून, घड्या घालून… हिनं हाकललं याला? की हा चाललाय आणि ही शर्ट तेवढे नीट देतेय? आणि मी सकाळपासून पायरीवर बसून, चहा पीत, खिशात… खिशातलं ते लोखंड बरगडीला टोचत होतं. एका कडेनं झिजलेलं रबर. मुलगी मागं बसताना टाच आत दाबून बसायची, लहानपणापासून तशीच चालते, तिच्या सगळ्या चपला त्याच कडेनं झिजतात. मला सकाळी ओळखू आलं नाही. चाल पाहून माणूस ओळखणारा मी… आणि मला वाटलं, याचं काहीतरी राहिलं.

भीती वाटली त्यांना, अगदी साधी. उद्या संध्याकाळी गल्लीच्या तोंडाशी काही वाजणार नाही. मागितलेलं सगळं मिळणार होतं. मुलगी, मी, आणि शांतता. जेवायच्या टेबलाशी दोघं, आणि तिला हसवायला मी!

“बाबा, आता पाय उचलतो. धरून ठेवा हं. आकडा सांगा.”

आणि त्यानं दोन्ही पाय वर घेतले. त्याचं आणि गाडीचं सगळं वजन एकदम परीक्षकांच्या डाव्या हातात आलं. मान आपोआप खाली झाली, नजर आपोआप जायची तिथं गेली. ग्रीस लागलेले बूट, पुढच्या फूटरेस्टवर, सरळ, शांत. चुळबूळ नाही. मैदानावर आज हा पास झाला असता.

“किती, बाबा?”

टेपवरचा आकडा त्यांच्या अंगठ्याखाली होता. हात जरासा ढिला सोडला तर गाडी कलेल आणि पाय खाली येईल, यावा लागेलच. पण हात सुटेना. जन्मभर त्यांनी पाय टेकण्याची वाट पाहिली होती, पेन्सिल तयार ठेवून. आजही पाहत होते, त्या डाव्या बुटाच्या टाचेकडं. आणि मनात, जिथं या माणसाला त्यांनी ‘हा’ सोडून कधी काही म्हटलं नव्हतं, तिथं ते म्हणत होते – टेकव. टेकव रे बाळा, एकदा पाय टेकव.