ठळक ते आपलं

न उघडलेल्या मेलचा विषय ठळक अक्षरांत दिसतो. कोणी तो उघडला, की अक्षरं बारीक होतात. बदल इतका लहान, की डोळ्यांदेखत झाला तरी लक्षात येईलच असं नाही. दिव्याचा उजेड किंचित उतरावा तसा. पाणी तपासणाऱ्या त्या प्रयोगशाळेचं सगळं काम या एवढ्याशा बदलावर चालायचं.

नमुन्यांसाठी एकच सामाईक मेलपेटी होती. विभागातले सगळे तीच उघडत, आणि एकाने मेल वाचला की तो सगळ्यांच्याच पडद्यावर बारीक होई. नियम ताईने घालून दिला होता: ठळक ते आपलं, बारीक ते कोणीतरी घेतलेलं. म्हणजे एकाच कामाला दोघांनी हात घालायला नको, आणि 'तू घेतलंस का रे?' म्हणत खोल्याखोल्यांतून फिरायला नको. ताई नमुना विभागाची प्रमुख होती तोवर या नियमाने कधी दगा दिला नाही.

पेटीच्या परवानग्या धाकटीच्या हातात होत्या. मेल कोणी बघावेत, कोणी हलवावेत, कोणी उत्तर द्यावं, हे ती लावून द्यायची. तिला इथे चिकटवलं ताईनेच. 'ही माझी धाकटी बहीण,' अशी पहिल्या दिवशी ओळख करून दिली, आणि केस पिकले तरी सगळं ऑफिस तिला धाकटीच म्हणत राहिलं.

मग ताईचं विसरणं सुरू झालं. आधी बाटल्यांच्या चिठ्ठ्या उलटसुलट झाल्या, मग घरचा रस्ता. रजा संपली, मागोमाग नोकरीही संपली. टेबल आवरताना ताईने धाकटीचं मनगट धरलं आणि म्हणाली, "माझी पेटी तेवढी राहू दे गं. नुसती बघेन."

धाकटीने राहू दिली. पुढे ताईने कोणाला तरी जुन्यापुराण्या नमुन्याचं उत्तर धाडलं, तेव्हा तिने उत्तर द्यायची परवानगी काढली. ताईने मेल भलत्याच फोल्डरात टाकले, तेव्हा फोल्डर बंद केले. दर वेळी घरी येऊन सांगितलं, "सिस्टीम बदललीय, ताई." ताई मान डोलवायची. "बदलतात मेले. चाललेलं बघवत नाही यांना."

राहिलं फक्त वाचणं. पण ताईने वाचलं की अक्षरं बारीक होत, आणि ऑफिसात सगळे समजत, कोणीतरी घेतलं. धाकटीने एकदा तेही थांबवून पाहिलं. ताईला मेल वाचता यावेत, पण ते ठळकच राहावेत, अशी परवानगी लावली. त्या संध्याकाळी ती घरी आली तर ताई केस न विंचरता पडद्यासमोर बसलेली. ताट झाकलेलं तसंच. "किती तुंबलंय बघ," ताई म्हणाली. "एकेक उपसतेय, संपतच नाही. मला जमेनासं झालंय का गं?" धाकटीने जेवायच्या आधी मेल बारीक करायची परवानगी परत दिली.

तेव्हापासून ती सगळ्यांच्या आधी ऑफिसात पोचायची आणि नोंद बघून ताईने उघडलेले मेल पुन्हा ठळक करून ठेवायची, दिवसभरही पेटीवर लक्ष ठेवायची. कोणाला पत्ता नव्हता. फार तर आणखी एक महिना, असं ती स्वतःला बजावायची. महिने उलटत गेले.

परवा ती ताईला डॉक्टरकडे घेऊन गेली. निघण्यापूर्वी, धाकटी आंघोळीला गेलेली असताना, ताईने पेटी उघडली होती. डायलिसिस केंद्रातल्या नर्सचा मेल होता: मशीनला जाणाऱ्या पाण्याला वेगळाच वास येतोय, नमुना पाठवलाय, आजच तपासा. मेल बारीक झाला, आणि तो पुन्हा ठळक करायला धाकटी त्या दिवशी ऑफिसात नव्हती. बाटली फ्रीजमध्ये पडून राहिली. प्रयोगशाळेकडून काहीच आलं नाही, म्हणजे पाणी ठीक असणार, असं धरून केंद्राने मशीन चालू केलं. एका बाईला थंडी वाजून आली, उलट्या झाल्या. ती अजून शुद्धीवर आली नव्हती.

आज प्रयोगशाळेच्या मुख्य मॅडमनी सगळ्यांना बोलावलं. नमुने उतरवून घेणारा ढापण्या भिंतीला टेकून उभा होता. जाड चष्म्यामुळे हे नाव त्याला पडलं होतं.

"मेल उघडला कोणी?" मॅडमनी विचारलं.

"मी आलो तेव्हा बारीकच होता, मॅडम. शप्पथ."

"मग काय भुताने वाचला?"

"भुताला पगार नाही, मॅडम, ते कशाला..." कोणी हसलं नाही.

"बाटली उतरवून घेणारा तू. उद्यापर्यंत उलगडा झाला नाही तर तुझंच नाव वर जाईल. धाकटे, मेल कोणी उघडला याची पेटीत नोंद असते ना, ती बघून सांग मला."

"बघते," धाकटी म्हणाली. बघायचं काहीच नव्हतं; कोणी उघडला ते तिला ठाऊक होतं.

बाहेर जिन्यात ढापण्याने तिला गाठलं. चष्मा काढून तो शर्टाला पुसत होता, पुसतच राहिला. "धाकटे, नोंद खरं तेच दाखवेल ना गं? मला आता माझाच भरवसा वाटत नाही. उघडला असेल मीच, चहाच्या नादात. झोपेत हात जातो तसा."

"घरी जा तू," ती म्हणाली.

घरी ताई टेबलाशी बसली होती, ऑफिसला निघाल्यासारखी नीटनेटकी. पडद्यावर सगळ्या ओळी बारीक होत्या.

"आलीस? आज सगळं हातावेगळं केलं बघ. तो डायलिसिसवाल्यांचा मेल होता ना, तो पहिला घेतला."

"घेतलास म्हणजे काय केलंस, ताई?"

"वाचला की! तो ठेवून कसा चालेल? तुला शिकवलं होतं ना मी? आपण पितो ते पाणी आधी पोटात जातं, शरीर त्याचं काय ते बघून घेतं. त्यांचं पाणी रक्ताला जाऊन भिडतं. ते थांबवायचं नाही." तिचा आवाज खणखणीत होता, विभागप्रमुख असतानाचा. मग तो मध्येच ढासळला. "ढापण्याला सांगितलं असेन ना मी? सांगितलंच असेन."

धाकटी उभीच होती. पिशवी खांद्यावर तशीच. सिस्टीम बदललीय, हे शब्द सवयीने तिच्या जिभेवर आले होते. उद्या मॅडमना सांगायलाही तेवढे पुरले असते. तिने ते गिळले. खुर्ची ओढून ती ताईच्या शेजारी बसली आणि कीबोर्ड आपल्याकडे घेतला. ताईने तो सोडला नाही. दोघींचे हात त्याच्यावरच राहिले.

"ताई, तू कोणाला सांगितलं नाहीस," ती म्हणाली. "एक बाई हॉस्पिटलात आहे. मेल तू उघडलास, हे उद्या मी मॅडमना सांगणार आहे. आणि रोज सकाळी मी ते झाकत होते, हेही. पेटीतून तुझं नाव मी काढतेय, आत्ता, तुझ्यासमोर. या वेळी सिस्टीम बदललेली नाही. मी काढतेय."