एकटीचा भाग

ऑर्केस्ट्रात तालवाद्यांची एक जागा निघाली होती आणि लेकीला ती हवीच होती. परीक्षेला व्हायोलिन आणि तालवाद्यं अशा दोन वाद्यांसाठीची, कॉन्सर्टो म्हणतात तशी मोठी रचना वाजवायची होती. व्हायोलिनसाठी दारोदार फिरावं लागलं नाही, घरातच आई होती, तीस वर्षं पोरांना व्हायोलिन शिकवणारी. आई हुशार होती, आणि हे तिला कोणी सांगायची गरज नव्हती. तिच्या लेखी व्हायोलिन तेवढं वाद्य, बाकी सगळी आदळआपट. लेकीने पहिल्यांदा तालवाद्याच्या काड्या हातात धरल्या तेव्हा, "त्यापेक्षा भांडी घास, घराला उपयोग होईल," असं ती म्हणाली होती.

या रचनेत एक सुरावट दोनदा येते. पहिल्यांदा ती संपली की व्हायोलिनने गप्प बसायचं आणि तालवाद्यांनी चार मिनिटं एकट्यांनीच वाजायचं. दुसऱ्यांदा संपली की दोघांनी मिळून शेवट करायचा. परीक्षक कान टवकारून बसतात ते त्या चार मिनिटांसाठी.

परीक्षेत आईने सुरावट पहिल्यांदा वाजवली आणि ती थेट शेवटात शिरली. लेकीने एकदाच मान वर केली. मग आपली चार मिनिटं सोडून देऊन तिने आईला गाठलं आणि शेवटपर्यंत साथ दिली. व्हायोलिनचा गज खाली घेताना आपण काय केलं ते आईच्या लक्षात आलं.

"मधला भाग कुठे गेला?" प्रमुख परीक्षकांनी विचारलं.

"मी चुकले," लेक म्हणाली.

आई गप्प राहिली असती तर झाकली मूठ सव्वा लाखाची. तीस वर्षांत तिने चारचौघांत चूक कबूल केलेली नव्हती.

"ती नाही, मी चुकले," आई म्हणाली. "तिचा भाग मी खाल्ला."

"तालमीत लक्षात आलं नाही?"

"तालमीत तिचा भाग आला की मी उठून आत जायचे. परत यायचे ती दुसऱ्या वेळच्या सुरावटीला, आणि ती संपली की थेट शेवट. हाताला तीच सवय लागली."

लेक खाली बघून काड्या सारख्या करत राहिली.

प्रमुखांनी शेजारच्या दोघांकडे पाहिलं. "दोघींचं एकदाच ऐकायचं, असा नियम आहे. ते ऐकून झालं. आता तिचा भाग तिला एकटीला वाजवू द्या. तुम्ही बाहेर थांबा."

"मला बसू द्या," आई म्हणाली. "मी हे ऐकलेलं नाही."

ती कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसली. लेकीने सूर देणाऱ्या लाकडी पट्ट्यांवर दोन्ही हातांतल्या चार काड्या इतक्या हलक्या हाताने फिरवल्या की शेवटचा सूर कधी विरला ते खोलीत कोणाला कळलं नाही. आईला अभिमान वाटला आणि त्याहून जास्त लाज वाटली.

जागा लेकीला मिळाली. तसं तिथेच सांगितलं. बसथांब्यावर दोघी बराच वेळ उभ्या होत्या.

"हे तू रोज असंच वाजवायचीस?" आईने विचारलं.

"रोज," लेक म्हणाली. "तू घरातच असायचीस, आई."