निळ्या चपला

अंदमानात माझ्या नवऱ्यानं, धम्मरत्ननं, समुद्राचे चारशे फोटो काढले. मी मध्ये आले की खेकसायचा, "बाजूले सरक, बीच दिसू दे!" चारशे फोटोंत मी एकातही नाही.

सुलतानपूरला परतल्यावर सासूबाई त्याचा मोबाइल घेऊन बसल्या. "येवढं पानी, अन् उपसाले मोटर कोनाचीच नाही?" धम्मरत्न हसला. माझं डोकं तापलेलंच होतं.

एका फोटोत कडेला, वाळूवर, मी काढून ठेवलेल्या निळ्या चपला दिसत होत्या. निघताना सासूबाईंनीच स्वतःच्या नव्या चपला माझ्या पिशवीत टाकल्या होत्या.

"ह्या तं माह्या! समुद्रापर्यंत पोचल्या, माय!"

उरलेले फोटोही भराभर सरकवून बघत त्यांनी मोबाइल लेकाच्या हातात दिला. "पुढच्या बारीले चपलेत पायबी येऊ दे, बाबू. आधी हिचे, मंग माहे."